रक्तवाहिन्यांची मराठी नावे : वारा, रंग आणि दाब

(१)

रक्त शरीरात कसे वाहते या प्रश्नाचा इतिहास वैद्यकाच्या किंवा पदार्थविज्ञानाच्या अभ्यासकाने लिहावा, हे उचितच होय. भाषेच्या अभ्यासकाचे त्यात काय काम, अशी शंका कोणी घेतल्यास ती अप्रस्तुत म्हणता येणार नाही. तथापि या विषयासंबंधी मराठीत जे शब्द आपण वापरतो, म्हणजे नाडी, शीर, धमनी, रोहिणी, नीला, रक्ताभिसरण व रक्तदाब, ते एका काळी आणि एका हेतूने घडलेले नाहीत. शब्द घडतो तेव्हाची समजूत त्याच्या पोटात राहते. पुढे ज्ञान बदलले तरी शब्द बदलत नाही. या शब्दांचा क्रम लावला म्हणजे रक्तप्रवाहाच्या ज्ञानाचा इतिहासही काही प्रमाणात हाती लागतो.

प्रस्तुत निबंधात दोन गोष्टी दाखवावयाच्या आहेत. पहिली अशी की, रक्तवाहिन्यांची आपली नावे वारा, रंग आणि दिशा यांवरून पडली. पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने त्यांच्यात जो मुख्य भेद आहे, तो दाबाचा, तो नावांत कोठेच आलेला नाही. दुसरी अशी की, ही उणीव केवळ कोशकारांच्या चिंतेची बाब नाही. आपल्या आजाराविषयी रुग्ण जे समजतो ते शब्दांच्या द्वारे समजतो. यवतमाळ जिल्ह्यातील मारेगावसारख्या तालुक्यात, जेथे मराठीबरोबर कोलामी आणि गोंडीही बोलली जाते, तेथे या उणिवेची किंमत रुग्णाला मोजावी लागण्याचा संभव असतो.

(२)

'धमनी' हा शब्द अतिप्राचीन आहे. अथर्ववेदात 'धमनी' आणि 'हिरा' हे दोन शब्द जोडीने येतात; पैकी 'हिरा' म्हणजेच पुढील काळातील 'सिरा', आणि तिचेच मराठी रूप 'शीर'. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील तिसाव्या अध्यायात या नावांची व्युत्पत्ती दिलेली आहे. तिचा आशय असा की, धमन होते म्हणून धमनी, स्रवण होते म्हणून स्रोतस् आणि सरण होते म्हणून सिरा. 'ध्मा' या धातूचा अर्थ फुंकणे. लोहाराचा भाता जे करतो ते धमन. म्हणजे 'धमनी' या नावाच्या मुळाशी वाहणारे रक्त नसून फुंकला जाणारा वारा आहे.

ही कल्पना भारतापुरती मर्यादित नव्हती. ग्रीक भाषेत 'आर्टेरिया' हा शब्द श्वासनलिकेलाही लावीत. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकातील एरासिस्ट्राटस याच्या मते या वाहिन्यांत प्राणवायुसदृश द्रव्य असे. मृत शरीरात त्या बहुधा रिकाम्या सापडतात, हे या समजुतीचे एक कारण. पुढे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गेलेन याने त्यांत रक्तच असते हे प्रयोगाने दाखविले, पण नाव तेच राहिले. दोन दूरच्या भाषांनी एकाच वाहिनीला वाऱ्यावरून नाव द्यावे, यात परस्परांचे ऋण शोधण्याचे कारण नाही. उडणाऱ्या वाहिनीवर बोट ठेवले असता आत काहीतरी फुंकले जात आहे असे कोणालाही वाटेल.

सुश्रुतसंहितेत वाहिन्यांची गणनाही आहे : ७०० सिरा व २४ धमन्या, आणि त्यांचे मूळ नाभीत. तेथेच रसधातू शरीरभर कसा पसरतो यासाठी तीन उपमा योजल्या आहेत : ध्वनी, ज्योत आणि पाणी. या तीन गोष्टी तीन निरनिराळ्या रीतींनी पसरतात, हे त्या ग्रंथकाराचे निरीक्षण मार्मिक आहे. परंतु यावरून प्राचीनांस रक्ताचे चक्राकार भ्रमण ठाऊक होते, असा निष्कर्ष काढणे युक्त नव्हे. त्या उपमांत पसरणे आहे. परत येणे नाही. प्राचीन ग्रंथांचा मान राखण्यासाठी त्यांत नसलेला अर्थ त्यांत घालण्याची आवश्यकता नाही.

(३)

नाडीची गोष्ट निराळी. चरक, सुश्रुत आणि वाग्भट यांच्या संहितांत नाडीपरीक्षेचे स्वतंत्र प्रकरण नाही. ते प्रथम ठळकपणे दिसते ते इ. स. १३०० च्या सुमाराच्या शार्ङ्गधरसंहितेत. तेथे नाडीचे वर्णन चालीवरून केलेले आहे : वाताच्या प्रकोपात ती जळू व साप यांच्यासारखी, पित्ताच्या प्रकोपात चिमणी, कावळा व बेडूक यांच्यासारखी, तर कफाच्या प्रकोपात हंस व पारवा यांच्यासारखी चालते. वैद्याच्या बोटांना जाणवणारा गतीचा भेद प्राण्यांच्या चालीच्या द्वारे शिष्याच्या मनात उतरविण्याची ही पद्धती होती. तिच्यात बारकावा आहे, पण संख्या नाही. जळूची चाल किती वेगाची, हा प्रश्न तेथे संभवत नाही. युरोपातही नाडीचे ठोके घड्याळावर मोजण्याची सोय सुलभ झाली ती जॉन फ्लॉयर याने १७०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथानंतर.

मराठीत 'नाडी' घरोघर रुळली. एखाद्याची नाडी ओळखणे म्हणजे त्याच्या मनातले जाणणे. लोकांच्या नाडीवर बोट ठेवणे म्हणजे त्यांची खरी अवस्था हेरणे. या प्रयोगांत नाडी ही आतली बातमी बाहेर आणणारी वस्तू आहे. वाहून नेणारी नळी हा तिचा अर्थ मागे पडला.

(४)

विल्यम हार्वे याने १६२८ मध्ये आपला लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा निर्णायक युक्तिवाद अंकगणिताचा होता. प्रत्येक ठोक्यास हृदयातून केवळ अर्धा औंस रक्त बाहेर पडते असे धरले आणि अर्ध्या तासात १००० ठोके धरले, तरी ५०० औंस रक्त बाहेर पडले असे होते. एवढे रक्त शरीरात मुळात नसतेच, आणि खाल्लेल्या अन्नापासून ते तितक्या वेळात तयार होणेही शक्य नाही. तेव्हा तेच रक्त फिरून परत येत असले पाहिजे. रोहिणींतून नीलांत रक्त कोणत्या मार्गाने जाते हे मात्र हार्वेला दिसले नाही. तो १६५७ मध्ये मरण पावला, आणि १६६१ मध्ये माल्पीगी याने बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाने केशवाहिन्या पाहिल्या.

या शोधाला मराठीत जे नाव मिळाले ते 'रक्ताभिसरण'. लॅटिन मूळ शब्दात वर्तुळ आहे. हिंदीने 'परिसंचरण' हा शब्द घेतला. 'परि' या उपसर्गात सभोवार फिरण्याचा अर्थ आहे. मराठीतील 'अभि' या उपसर्गाचा अर्थ 'कडे'. अभिसारिका संकेतस्थळाकडे जाते, तिच्या परतीचे वर्णन त्या शब्दात नसते. 'अभिसरण' म्हणजे कशाच्या तरी दिशेने जाणे. हार्वेने जे नवे सांगितले, ते परत येणे, तेच नेमके या शब्दातून निसटले आहे. शब्द रूढ झाला असल्याने आता तो बदलावा असे कोणी म्हणणार नाही. पण तो शिकविताना उपसर्गाने सोडलेला अर्धा अर्थ शिक्षकाने भरून काढला पाहिजे, एवढे खरे.

(५)

'रोहिणी' आणि 'नीला' ही जोडी अधिक उद्बोधक आहे. मराठी पाठ्यपुस्तकांत व कोशांत ती दीर्घकाळ चालली. अलीकडे शालेय पुस्तकांत 'धमनी' व 'शिरा' यांचा वापर वाढला आहे. रोहिणी म्हणजे तांबडी, नीला म्हणजे निळी. हे दोन्ही शब्द सुश्रुताचे आहेत, मात्र त्या अर्थाने नव्हे. सुश्रुताने ७०० सिरांचे प्रत्येकी १७५ चे चार वर्ग केले : वात वाहणाऱ्या अरुण, पित्त वाहणाऱ्या नील, कफ वाहणाऱ्या गौर आणि रक्त वाहणाऱ्या रोहिणी. म्हणजे मूळ ग्रंथातील 'नीला' पित्ताची होती. आधुनिक परिभाषाकारांनी चारांपैकी दोन शब्द उचलले, त्यांचा रंग तेवढा ठेवला आणि अर्थ नवा भरला. परिभाषा घडविण्याची ही रीत गैर नाही. बहुतेक सर्व भाषा असेच करतात.

पण रंगामागोमाग 'शुद्ध रक्त' आणि 'अशुद्ध रक्त' ही विशेषणे आली व येथे घोटाळा झाला. हृदयाकडून फुप्फुसाकडे जाणारी वाहिनी रोहिणीच असते, आणि तिच्यातील रक्त प्राणवायू कमी असलेले असते. फुप्फुसाकडून येणाऱ्या नीलांत ते प्राणवायूने भरलेले असते. मग रोहिणी कशाला म्हणावयाचे? हृदयापासून दूर नेणारी ती रोहिणी, हृदयाकडे आणणारी ती नीला, ही व्याख्या बिनचूक आहे. तिच्यामागील भौतिक कारण दाबाचे. विश्रांतीच्या स्थितीत हृदय दर मिनिटास सुमारे ५ लिटर रक्त लोटते. महारोहिणीत सरासरी दाब पाऱ्याच्या सुमारे १०० मिलिमीटरांइतका असतो. केशवाहिन्यांच्या आरंभी तो सुमारे ३५ वर येतो, आणि हृदयाशी परतणाऱ्या मोठ्या नीलांत जवळजवळ शून्यावर. म्हणून रोहिणीची भिंत जाड व लवचिक. नीलेची पातळ, आणि हातापायांत रक्त मागे घसरू नये म्हणून आत झडपा असलेली. रोहिणी कापली तर रक्त उडते, नीला कापली तर ओघळते. हा भेद शेतकऱ्यापासून सैनिकापर्यंत पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिला होता, पण नाव पडले ते रंगावरून.

(६)

दाब मोजण्याचा पहिला प्रसिद्ध प्रयोग इंग्लंडमधील धर्मोपदेशक स्टीफन हेल्स याचा. त्याने घोडीच्या रोहिणीत नळी बसवून तिला उभी काचनळी जोडली. रक्त हृदयाच्या पातळीच्या वर ८ फूट ३ इंच चढले. हा वृत्तान्त त्याने १७३३ मध्ये प्रसिद्ध केला. ही उंची सुमारे अडीच मीटर होते. पारा रक्ताहून जवळजवळ तेरापट जड असल्यामुळे पाऱ्यात तीच उंची १९ ते २० सेंटिमीटर भरेल. इतकी उंच नळी गैरसोयीची म्हणून फ्रेंच वैद्य प्वाझय याने १८२८ मध्ये पाऱ्याची वाकडी नळी वापरली. आजही रक्तदाब 'मिलिमीटर पारा' या मापाने सांगतात, त्याचे मूळ या सोयीत आहे.

प्वाझयचे महत्त्वाचे कार्य पुढचे. जर्मनीत हागेन याने १८३९ मध्ये आणि प्वाझयने स्वतंत्रपणे १८४० च्या दशकात बारीक नळ्यांतील प्रवाहाचा नियम प्रसिद्ध केला. त्याचा सारांश असा : प्रवाह हा दोन टोकांतील दाबाच्या फरकाच्या प्रमाणात वाढतो; नळीची लांबी व द्रवाचा दाटपणा यांच्या प्रमाणात घटतो; आणि नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताप्रमाणे बदलतो. शेवटचा भाग विलक्षण आहे. त्रिज्या निम्मी झाली तर, दाब तोच असता, प्रवाह निम्मा होत नाही. तो सोळाव्या हिश्शावर येतो. त्रिज्या केवळ एक दशांशाने घटली तरी प्रवाह सुमारे एक तृतीयांशाने कमी होतो. रक्तवाहिन्या ताठ नळ्या नाहीत आणि रक्त हे पाण्यासारखे साधे द्रव नाही, म्हणून हा नियम शरीरास तंतोतंत लागू पडत नाही. तथापि बारीक रोहिणी किंचित आकसल्या तर हृदयाला रक्त लोटण्यासाठी किती अधिक जोर लावावा लागेल, याची कल्पना त्यावरून येते.

माणसाचा दाब शीर न कापता मोजण्याची सोपी रीत इटलीतील रीवा-रोची याने १८९६ मध्ये सांगितली. दंडाला हवेचा पट्टा बांधावयाचा, मनगटाची नाडी थांबेपर्यंत तो फुगवावयाचा, आणि पाऱ्याची उंची वाचावयाची. १९०५ मध्ये रशियातील कोरोत्कॉव्ह याने पट्ट्याखाली श्रवणनलिका ठेवून ऐकू येणाऱ्या आवाजांवरून वरचा व खालचा असे दोन्ही दाब ठरविता येतात हे दाखविले.

'रक्तदाब' या मराठी शब्दाचा विचार येथे करावा लागतो. 'दाब' हे 'दाबणे' या क्रियापदाशी जोडलेले नाम. दाबणारा बाहेर असतो आणि दबणारा आत. दाबात ठेवणे, दाब बसणे हे प्रयोग धाक आणि अंमल यांचे आहेत. रक्त स्वतः आतून भिंतीवर रेटा देते, हा अर्थ त्या शब्दातून सहज उमटत नाही. उलट दंड आवळणारा पट्टा पाहिला म्हणजे शब्द आणि अनुभव जुळतात : काहीतरी बाहेरून दाबले गेले आणि आकडा मिळाला. शब्दाने वस्तूपेक्षा मापनाची क्रियाच अधिक नेमकी टिपली, असे म्हणावयास हरकत नाही.

(७)

आता बोलीकडे वळू. मराठीत रक्त उसळते, तापते, सळसळते, आटते, गोठते. माणूस रक्ताचे पाणी करतो. अंगात रक्त कमी होते. गोळीने रक्त पातळ होते. हे प्रयोग एकत्र ठेवले असता एक गोष्ट ध्यानात येते. सर्व बदल रक्तात घडतात. नळीत काहीच घडत नाही. वाहिनी अरुंद झाली, कडक झाली, तुंबली, हे सांगणारा रूढ वाक्प्रचार आढळत नाही. 'शिरा ताणून बोलणे' यात शिरा ताणल्या जातात खऱ्या, पण तो प्रयोग ओरडण्याचा आहे.

याचे परिणाम साधे आणि गंभीर आहेत. रक्त पातळ करणारी म्हणून जी गोळी दिली जाते ती रक्ताचा दाटपणा घटवीत नाही. ती गुठळी होण्यास अटकाव करते. 'रक्त कमी आहे' असे म्हणतात तेव्हा बहुधा रक्ताचे माप कमी नसून त्यातील रक्तारुण म्हणजे हिमोग्लोबिन कमी असते. आणि 'मला बीपी आहे' या वाक्यात तर राशीचे नाव रोगाचे नाव बनले आहे. दाब प्रत्येक जिवंत माणसाला असतो. वाढलेला दाब हा विकार. राशी रोग झाली की, त्रास जाणवेनासा झाल्यावर रोग गेला असे वाटते आणि गोळी बंद होते. वाढलेला दाब बहुधा काहीच जाणवू देत नाही, हे त्या वाक्यातून कळण्यास मार्ग नाही.

(८)

मारेगाव तालुका हा वणीलगतचा, कापसाच्या शेतीचा व आदिवासी वस्तीचा प्रदेश. केंद्र शासनाने विशेष दुर्बल मानलेल्या आदिवासी गटांत ज्यांची गणना होते ते कोलाम या भागात राहतात. त्यांची कोलामी ही द्राविड कुळातील भाषा. एमेनो यांचा तिच्यावरील ग्रंथ १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. कोलामीत रक्ताला 'नेतुर' म्हणतात. तेलुगूतील 'नेत्तुरु' आणि कन्नडातील 'नेत्तरु' हे त्याचेच सगोत्र. ज्याच्या घरात रक्ताचे नाव 'नेतुर' आहे, त्याला दवाखान्यात 'रक्ताभिसरण' हा शब्द भेटतो तेव्हा तो दोन भाषांचे अंतर एकाच वेळी ओलांडत असतो.

विदर्भात रक्तप्रवाहाचा प्रश्न एका विशेष रोगाच्या रूपाने उभा आहे. तो सिकलसेल. हेरिक याने १९१० मध्ये शिकागो येथे या रोगातील विळ्याच्या आकाराच्या पेशींचे वर्णन केले. १९४९ मध्ये पॉलिंग व त्यांचे सहकारी यांनी तो हिमोग्लोबिनच्या रेणूतील दोष असल्याचे दाखविले. भारतात १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींत त्याची नोंद झाली, आणि १९५८ मध्ये शुक्ला व सोळंकी यांनी मध्य भारतातील त्याच्या आढळाविषयीचा लेख 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. विदर्भातील अनेक आदिवासी व अन्य समाजांत हा दोष आढळतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून केंद्र शासनाने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. तिचे उद्दिष्ट २०४७ चे आहे.

या रोगातील भौतिकी ध्यानात घेण्यासारखी आहे. तांबड्या पेशीचा व्यास मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या सात-आठ पट. अनेक केशवाहिन्या त्याहून अरुंद. निरोगी पेशी वाकून, दुमडून एकेरी ओळीने पार होते. सिकलसेलच्या रुग्णात प्राणवायू सोडून दिल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांस जुळून तंतू बनतात व पेशी ताठ होते. ती वेळेत बाहेर पडली तर निभावते. अडकली तर मागचा प्रवाह मंदावतो, मंद प्रवाहात आणखी पेशी ताठ होतात, आणि पुढील भागास रक्त न मिळाल्याने तीव्र वेदना होतात. अशा रुग्णाचा रक्तदाब मोजला तर तो पुष्कळदा इतरांहून किंचित कमीच भरतो. म्हणजे आकडा चांगला, आणि वाट बंद. 'बीपी नॉर्मल आहे' हे ऐकून घरच्यांनी निर्धास्त व्हावे, किंवा 'रक्त कमी आहे' एवढेच ऐकून शक्तीचे औषध आणावे, यातून रोग कळत नाही. लोहाच्या गोळीने पेशीचा ताठपणा जात नाही. आणखी असे की, ज्या प्रदेशात विळा घरोघरी आहे तेथे रोगाचे नाव मात्र 'सिकलसेल' म्हणून आले, आणि त्या नावातला विळा कोणास दिसला नाही.

येथे परिभाषेच्या कोशापेक्षा शेतातील भाषा अधिक उपयोगी पडेल, असे मला वाटते. ठिबक सिंचन करणाऱ्या शेतकऱ्यास हे पक्के ठाऊक असते की, मोटार चांगली चालू असून नळीला दाब पुरेसा असला तरी क्षाराने ड्रिपर चोंदला तर त्या खालचे झाड वाळते. त्याला हेही ठाऊक असते की, लांब आणि बारीक नळीच्या शेवटी पाणी कमी पडते, आणि नळी आवळली तर मागच्या जोडांवर ताण येतो. दाब, वाट आणि दाटपणा या तीन गोष्टींचा संबंध, म्हणजे प्वाझयच्या नियमाचे सार, त्याच्या व्यवहारात आधीच आहे. आपल्या वाक्प्रचारांनी तो रक्ताला कधी लावला नाही, इतकेच.

तेव्हा सूचना एवढीच की, आरोग्यसेवकांसाठी मराठी, कोलामी व गोंडी भाषांत जी माहितीपत्रके तयार होतात त्यांत केवळ रोगांची नावे देऊन थांबू नये. नळी आवळली की मागे दाब वाढतो, हे रक्तदाबाविषयी सांगावे. दाब ठीक असूनही ड्रिपर चोंदतो, हे सिकलसेलविषयी सांगावे. धमनी, नीला, अभिसरण हे शब्द आपल्या परंपरेचे आहेत व ते राहावेत. पण वाऱ्याने, रंगाने आणि दिशेने नाव दिलेल्या या वाहिन्यांत वाट किती रुंद आहे हे सांगण्याचे काम त्या शब्दांवर सोपवून चालणार नाही; ते स्वतंत्र वाक्याने, आणि ऐकणाऱ्याच्या भाषेत, सांगितले पाहिजे.